फोन नंबर कुठाय, सांगा बरं

परळच्या वाचनालयात त्या बाई रोज माझ्यासमोर बसायच्या. पन्नाशीच्या असतील. गिरगावातल्या छापखान्यात त्यांनी वर्षानुवर्षं कॉम्प्युटरवर लग्नपत्रिकांची मांडणी केली होती. छापखाना बंद पडला, म्हणून आता वेब डिझाइन शिकत होत्या. मध्येच चष्मा काढून डोळे दाबायच्या आणि पुन्हा कोड लिहायला लागायच्या. मी दहा वर्षं हेच काम करून पार कंटाळलो होतो.

वेबसाइटचं पान तयार झालं, की त्या ते मोबाइलवर उघडून पेपर वाचणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्यापुढे धरायच्या. "काका, यात फोन नंबर कुठाय, सांगा बरं." काका चाचपडले, की मुकाट्याने जागेवर येऊन सगळं बदलायच्या.

एकदा नोकरीच्या मुलाखतीहून आल्या आणि पिशवी टेबलावर आदळून बसल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"म्हणाले, या वयात तुम्हाला जमेल का? मी म्हटलं, साइट बघणाऱ्यांनाही वय असतं की!"

नोकरी मिळाली नव्हती. त्यांनी लॅपटॉप उघडला.

घरी गेल्यावर मी माझ्या कामातलं एक पान आईपुढे धरलं. करडी, बारीक अक्षरं होती. तिनं मोबाइल लांब धरला, जवळ आणला.

"यावर काही लिहिलंय का रे?"