नेरच्या बसमधला फोन

मोसंबी सोलल्याचा वास आला की मला यवतमाळहून नेरला जाणारी ती दुपारची एसटी आठवते. माझ्या शेजारी पन्नाशीची एक बाई औषधांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. आजारी नवऱ्यासाठी घेतलेल्या मोसंब्यांपैकी एक तिने सोलली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. "ताई, माह्या फोनची बॅटरी गेली. घरी लावून देता काय?" तिने सांगितलेला नंबर मी लावला, पण कोणी उचलला नाही. थोड्या वेळाने खिडकीला डोकं टेकून तिला डुलकी लागली आणि तेवढ्यात माझ्या फोनवर तिच्या दिराचा फोन आला. त्या शेजारीच झोपल्यात, असं मी सांगितल्यावर तो म्हणाला, "दादा गेले. वहिनीले आत्ताच सांगू नका, आमी स्टँडवर घ्यायले येऊन राह्यलो." मी फोन ठेवला तेव्हा ती जागी झाली होती. "घरून होता काय?" मी म्हणाले, "हो, तुम्हाला घ्यायला स्टँडवर येताहेत." ती माझ्याकडे बघत राहिली. "मले घ्यायले तं कधी कोणी येत नाही," ती हळूच म्हणाली. मग तिने औषधांची पिशवी मांडीवरून काढून खाली पायाशी ठेवली.