सावळा रंग आणि पुढची खोली

चेहऱ्यावर लेप लावला की बाईनं बोलायचं न्हाई, हसायचं न्हाई, नाहीतर लेपाला भेगा पडतात. हा माझ्या पार्लरचा पहिला नियम, आणि तो आजवर एकाही बाईनं पाळलेला नाही. तोंडाला मुलतानी माती लागली रे लागली, की आमच्या हिंगोलीच्या बाईला नेमकं तेव्हाच जाऊबाईचं सगळं आठवतं. मग किस्से साचणार नाहीत तर काय होणार? एका लग्नसराईत इतके जमतात की सांगायला दुसरी लग्नसराई पुरत नाही.

पार्लर काढलं ते नव्वदीच्या मधल्या वर्षांत, घराच्या पुढच्या खोलीत. माझं माहेर शिरड शहापूरचं, कोर्स केला नांदेडला मावशीकडे राहून. क्रीमच्या ट्यूबा ठेवायच्या नाहीत हे पहिल्या दिवशीच ठरवलं. मसूर डाळीचं पीठ, दही, साय, कोरफड, चिमूटभर आंबेहळद, बस्स! दारावर पाटी लावली, ‘गोरे करून मिळणार नाही.’ आमचे हे एसटीत कंडक्टर. ते म्हणाले, लोक दुकानात काय मिळतं ते लिहितात. मी म्हणलं, मला भांडण आधीच मिटवायचंय.

खरी कटकट घरातच होती. माझी नणंद संगीता बी.ए. झालेली, बोलायला ठसकेबाज, हाताला चव, आणि रंगानं सावळी. तेवढ्यावरून स्थळं परत जात होती. आमच्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, त्याचा घोर लागलेला. एक दिवस त्यांनी मला सरळच सांगितलं, “दुनियेला उजळून राहिलीस, आधी घरातली पोरगी उजळ. तिचं जमलं तर खोली तुझी. न्हाईतर दिवाळीनंतर इथं पिठाची गिरणी बसवते.”

आत्याबाई बोलल्या म्हणजे बोलल्या. माझं पार्लर आणि संगीताचं लग्न अशी एकाच दाव्याला बांधली गेली. मी घाबरले नाही, मला राग आला. पोरीच्या तोंडात काही खोट नव्हती, खोट बघणाऱ्यांच्या डोळ्यात होती.

*

हळदीच्या गावात हळदीचीच गंमत सगळ्यात आधी झाली. इथल्या हळदीच्या मार्केटमधल्या एका अडत्याची बायको, आम्ही तिला शेठाणी म्हणायचो, माझ्याकडून उटण्याची माहिती विचारून गेली. आंबेहळद चिमूटभर, असं मी बजावून सांगितलं होतं. पण घरात पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या असताना चिमूट कोण मोजतंय! नवऱ्याच्या गोदामातला शिजवून, वाळवून, पॉलिश केलेला एक नंबर माल तिनं दळून आणला आणि वाटीभर थापला.

तोंड धुतलं तरी पिवळं, साबण लावला तरी पिवळं. रडत माझ्याकडे आली. मी दही चोळत होते, तेवढ्यात शेठ स्वतः आले. आता हा माणूस माझ्यावर ओरडणार म्हणून मीही पदर खोचून उभी राहिले.

शेठनी बायकोची हनुवटी धरली, तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं, अंगठ्यानं गाल घासला, अंगठा निरखून बघितला. मग शांतपणे विचारलं, “रंग पक्का आहे. कोणाच्या शेतातला माल?”

*

कातडी चांगली ठेवायची तर भरपूर पाणी प्यावं, हे मी येईल तिला सांगते. एका हेडमास्तरांच्या बायकोला उन्हाळ्यात असंच सांगितलं. बाई शिकलेल्या. सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, पर्स उचलली. त्या उन्हाळ्यात नळ कधी यायचा ते नगरपालिकेलाही ठाऊक नसायचं, प्यायचं पाणी टँकरवाल्याकडून विकत घ्यावं लागायचं.

दारातून मागं वळून म्हणाल्या, “बाई, त्यापेक्षा तुमचं फेशियल स्वस्त पडेल.”

*

एका हवालदाराच्या बायकोला मी उटणं करून दिलं होतं. बेसन, मसूर डाळ, वाळवलेली संत्र्याची साल, थोडी आंबेहळद. डबा स्वयंपाकघरात ठेवून ती साखऱ्याला माहेरी गेली. परत आली तर डबा रिकामा.

हवालदारसाहेबांनी रात्रपाळीहून येऊन भूक लागली म्हणून त्याची धिरडी घातली होती. वर लोणचं लावून खाल्ली. बायकोनं कपाळावर हात मारला, तेव्हा साहेबच तिच्यावर उखडले. म्हणाले, “तुझी पार्लरवालीच सांगते ना, कांती पोटातून येते म्हणून?”

पुढच्या खेपेला ती दोन डबे घेऊन गेली. एक तोंडाला, एक धिरड्याला; तोंडाच्या डब्यावर मीच खडूनं फुली मारून दिली.

*

झोपेचं तर विचारूच नका. सेनगावकडच्या एका मोठ्या शेतकऱ्याची बायको माझ्याकडे यायची. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, चेहरा ओढलेला. घरात गडीमाणसं धरून रोज पंगत उठायची. मी म्हणलं, ताई, लेप राहू द्या, आधी रात्री वेळेवर झोपा. दिवे लागले की आपलं जेवून अंथरूण धरायचं. बाईनं हा सल्ला देवाच्या प्रसादासारखा घेतला.

महिनाभरानं तिचा नवरा पार्लरच्या दारात उभा. पांढरा शर्ट, हातात टोपी, आत यावं की न यावं अशी पंचाईत. मी म्हणलं, भाऊ, तब्येत बरी ना वैनीची? म्हणाला, एकदम बेस, तोंड कसं फुलून राहिलं. मग जरा घुटमळला आणि खालच्या आवाजात बोलला, “ताई, भाकरी थापून झाल्यावर झोपलं तर उजळत न्हाई का?”

*

इकडं घरात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. संगीताला बघायला वसमतकडचे पाव्हणे येणार असं ठरलं, आणि आत्याबाईंचा धीर सुटला. मी एका नवरीच्या मेंदीला गेले होते. तेवढ्यात त्यांनी पोरीला बसवलं आणि लिंबू अन् खायचा सोडा तोंडाला चोळला. कुण्या शेजारणीनं सांगितलेला उपाय!

मी आले तर संगीताचे गाल लालबुंद, कातडी सोलायला आलेली. माझं डोकंच फिरलं. सासू आहे, मोठी आहे, काही बघितलं नाही. म्हणलं, आत्याबाई, रंग जाईल म्हणून तुम्ही पोरीची कातडीच काढायला निघालात. संध्याकाळी त्यांनी कुंडीतली कोरफड स्वतः कापून माझ्यासमोर ठेवली आणि डोळे पुसत देवापुढं जाऊन बसल्या. तेव्हा मला त्यांचीही दया आली. आई होती शेवटी.

मग मी काहीच थापलं नाही. कोरफडीचा गर, थंड पाणी, उन्हात जाणं बंद, वेळेवर जेवण, वेळेवर झोप. पाव्हण्यांच्या दिवसापर्यंत गाल निवले आणि पोरीच्या तोंडावर तिचा तो तजेला परत आला. रंग तोच, सावळा.

आत्याबाई पावडरचा डबा घेऊन मागं लागल्या, निदान एक हात तरी फिरव म्हणून. संगीतानं डबा बाजूला सारला. “आज लावली तर जलमभर लावावी लागंल, आई. मी अशीच जाणार.”

*

पाव्हणे मधल्या खोलीत बसले. मुलगा पाटबंधाऱ्यात क्लार्क, इस्त्रीचे कपडे, चांगला उजळ दिसत होता. त्याला बघून आत्याबाईंचा चेहरा अजूनच उतरला. संगीता पोह्यांच्या बशा देऊन पाटावर बसली.

तेव्हा आमच्याकडं एक रीत होती. मुलाच्या आईनं मुलीला जवळ बोलावलं, पदराचं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवलं आणि तिच्या गालावरून खसाखसा फिरवलं. पावडर लावून फसवत तर नाहीत ना, ते बघायला. पदर उजेडात धरला. स्वच्छ! बाई म्हणाल्या, “खोटं काही न्हाई. पण पोरगी सावळीच हाय.”

आत्याबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या. मी चहाचा ट्रे रागानं दाणकन खाली ठेवला.

संगीता उठली. तिनं आपल्या पदराचं टोक त्याच पेल्यात बुडवलं. म्हणाली, “आमालाबी बघाया पाहिजे ना,” आणि मुलाच्या कपाळावरून पदर फिरवला.

पदर पांढराफटक झाला. कपाळावर एक लख्ख सावळा पट्टा उमटला, संगीताहूनही गडद. मुलाचे वडील पंख्याकडं बघायला लागले. मुलाच्या आईचं तोंड उघडं ते उघडंच. मुलगा आधी खाली बघत होता, मग त्याला हसू आवरेना. हसता हसता संगीताकडं बघत तो खिशात रुमाल शोधायला लागला.

चौकट सोडून आत्याबाई दोन पावलं पुढं आल्या, डोईवरचा पदर नीट केला आणि मुलाच्या आईला म्हणाल्या,

“इहीणबाई, तुमी काई तकलीफ घेऊ नका. पुढच्या खोलीत आमच्या सुनेचं पार्लर हाय. जावयाला पाठवून द्या.”