मोजून आलेली खरूज

मार्च महिन्यात आमची कंपनी रेवसला बोटीतून उतरली आणि अलिबागवरून पायी चालत तिसऱ्या दिवशी काशीदला पोचली. दुसरं महायुद्ध तेव्हा अजून बरंच लांब होतं. हुकूम होता सहा आठवडे किनाऱ्यावर चांदमारी करण्याचा. मुलकी लोकांना चांदमारी म्हणजे मोठा पराक्रम वाटतो. प्रत्यक्षात पहाटे पाचला उठायचं, सहाला वाळूत पालथं पडायचं, दहापर्यंत निशाण्यावर गोळ्या मारायच्या आणि मग दिवसभर बंदुकीतली वाळू काढत बसायचं. पण ताजी मासळी होती, नारळाचं पाणी होतं. मी मूळचा हरिहरेश्वराकडचा. मला तर सरकारी खर्चाने घरी आल्यासारखं वाटत होतं.

मी नाईक होतो, पण बंदुकीचा नव्हे, मलमपट्टीचा. औषधांचा तंबू, म्हणजे एम. आय. रूम, माझ्या ताब्यात होता. वर कप्तान डॉक्टर, गोरा साहेब. माणूस भला, पण हिंदुस्थानात नवा.

दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी सिक रिपोर्टला, म्हणजे सकाळी आजाऱ्यांच्या तपासणीला, चार जवान मान खाजवत आले. बुधवारी नऊ. मान लाल, त्यावर बारीक पाणीदार फोड. साहेबाने लांबूनच पाहिलं.

"स्केबीज. सल्फर लगाओ. दिन में तीन बार."

स्केबीज म्हणजे खरूज. मी गंधकाचं मलम घेतलं आणि घोड्याला खरारा करावा तसं चोळलं. हुकमाची तामिली करण्यात मी कधी हयगय केली नाही. शुक्रवारपर्यंत सगळ्यांच्या माना दुप्पट लाल झाल्या.

सगळ्यात वाईट हाल तुकारामचे. माणगावच्या आतल्या बाजूच्या एका खेड्यातला, भातशेती करणाऱ्या घरातला हा पोरगा कंपनीतला पहिल्या नंबरचा नेमबाज होता. त्याची मान सुजली, पाणी झिरपू लागलं, सूज कानावरून डोळ्यांपर्यंत चढली.

शनिवारी साहेबाने त्याला वेगळ्या तंबूत टाकलं. ताट वेगळं, तांब्या वेगळा. बुधवारी सकाळी दहाला बोर्ड. बोर्ड म्हणजे तीन अंमलदार बसणार, 'अनफिट' लिहिणार आणि माणूस घरी. मी त्याला बोर्डाचा इंग्रजी कागद वाचून दाखवला.

"नाईक, गावाला काय सांगू?" तुकाराम म्हणाला. "कातडीचा रोग म्हनून पलटनीनं हाकलला, येवढंच कळंल लोकांना. महारोगच म्हनतील. आयच्या हातचं पानी पन कोन पिनार न्हाय."

तो खोटं बोलत नव्हता. त्या काळी एवढ्यावर अख्खं घर वाळीत पडायचं. आणि ते मलम मीच चोळलं होतं.

रविवारी दुपारी आमचा लांगरी, म्हणजे कंपनीचा स्वयंपाकी, कुरकुरत आला. "नाईक, मला बी लागली तुमची खरूज."

मी त्याची मान पाहिली. दोन फोड. शेजारी शेजारी, एका ओळीत. बाकी कातडी स्वच्छ. मी त्याचा शर्ट काढून कॉलर उलटी केली. आतून दोन काळे ठिपके.

"हे काय?"

"धोब्याची खूण. माझी दोन ठिपक्यांची."

मी तसाच तुकारामच्या तंबूकडे धावलो आणि त्याचा शर्ट उलटा केला. नऊ ठिपके.

पलटणीचा धोबी आजारी म्हणून मागे राहिला होता आणि जवळच्या वाडीतला रघू परीट कामावर घेतला होता. सगळे खाकी शर्ट एकसारखे. ओळखायचे कसे? त्याने आपल्या पद्धतीप्रमाणे बिबा सुईने टोचला, कॉलरच्या आत ठिपके दिले, वर चुना लावला. बिब्याचं तेल अंगाला लागलं की कित्येकांना उततं, फोड येतात, हे कोकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आमच्या कंपनीत निम्मे कोकणी. पण साहेबाने इंग्रजी नाव सांगितलं की आपली अक्कल रजेवर जाते. माझी तर सर्वांत आधी गेली होती.

रघूला बोलावून विचारलं तर त्याने दोन्ही हात पुढे केले. "माज्या हाताला तर काय व्हत न्हाय, नाईकसाहेब!"

"तू हाताला काय लावतोस?"

"खोबरेल. बिबा हाताळायच्या आदी लावायचंच."

साहेबाला नुसतं सांगून पटलं नसतं. नाईकाने कप्तानाची चूक काढायची तर हातात पुरावा हवा. लहानपणी माझ्या पायातल्या काट्यावर मावशीने बिब्याचा चटका दिला होता आणि पाय भोपळ्यासारखा सुजला होता. म्हणजे मला उतणार हे नक्की. मी रघूकडून डाव्या मनगटाच्या आत तीन ठिपके देऊन घेतले. सोमवार कोरडा गेला. मला घाम फुटला. मंगळवारी पहाटे खाजेने जाग आली. तीन फोड! आयुष्यात इतक्या आनंदाने मी कधी खाजवलं नाही.

सातला साहेबासमोर सॅल्यूट ठोकला आणि मनगट पुढे केलं. मग एकेक शर्ट, एकेक मान: ठिपके जास्त, तिथे सूज जास्त.

"सर, खुजली गिनकर नहीं आती."

साहेब पाच मिनिटं कॉलर पाही, मान पाही. मग असा हसला की त्याचा चष्मा खाली पडला.

"सल्फर बंद. एकदम बंद."

साबण बंद, चोळणं बंद. थंड पाण्याच्या पट्ट्या, वर कॅलामाइनचा गार लेप, सुकल्यावर खोबरेल. सगळ्यांची नखं कापली. ठिपक्याएवढा तुकडा प्रत्येक कॉलरमधून कापून काढला. पुढच्या परेडला मेजरसाहेब आले तेव्हा अख्खी कंपनी उंदरांनी कुरतडल्यासारखी उभी होती.

बुधवारचा बोर्ड साहेबाने स्वतः रद्द केला. रघूला कोणी बोल लावला नाही. दहाव्या दिवशी तुकाराम पंगतीत बसून सुरमई खात होता, माझ्या ताटातली. त्या आठवड्यात त्याने दहापैकी दहा गोळ्या निशाण्यावर मारल्या.

दोन वर्षांनी आम्ही वायव्य सरहद्दीवर होतो. एका टेकडीवरच्या ठाण्यात सकाळी सव्वाआठला तुकारामला छातीत गोळी लागली. मी पोचलो तेव्हा संपलं होतं.

रजेवर आलो तेव्हा त्याच्या गावी गेलो. अंगणात सगळी वाडी जमली होती. त्याच्या आईने मला शेजारी बसवून जेवू घातलं. मी गप्प राहिलो असतो तर तिचा मुलगा आजारी म्हणून घरी आला असता आणि जिवंत असता, हे मला घास घेऊ देत नव्हतं. मी ते बोलून टाकलं.

तिने माझ्या ताटात आणखी भात वाढला. मग म्हणाली, "त्यानं लिवलं व्हतं मला समदं. लई हसलो आमी. मान त्याची साफ बरी झाली व्हती ना, बाबा? डाग न्हवता ना ऱ्हायला?"

"नाही, आई," मी म्हणालो. "शेवटची आंघोळ मीच घातली. एकही डाग नव्हता."