आठ दिवसांची रजा आणि नासलेली नीळ

आष्टीच्या कचेरीतला एक कारकून आमच्याच गल्लीत राहायचा. तेव्हा शुक्रवारी, जुम्म्याला कचेरी बंद असायची, की हा पठ्ठ्या दुपारपर्यंत घोरायचा. ईदेला घोरायचा, दिवाळीला घोरायचा, आणि पगार पुरा घ्यायचा. मी निळारी, निळीत कापड रंगवणारा. दुकान माझं, मालक मी. लोक म्हणायचे, "तुमचं लई बरं हाय, मनाला आलं की दुकान बंद!" असा संताप यायचा! अरे, एकदा बंद करून दाखवा की!

आमचं निळीचं पीप गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेलं होतं. त्यात नीळ, चुना, गूळ आणि शिजवलेलं तरोट्याचं बी. सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं, वास घ्यायचा, फेस बघायचा. जरा हयगय झाली की नीळ नासली म्हणून समजा. मग कापडावर मळकट डागांशिवाय काही चढत नाही आणि सगळा माल ओतून द्यावा लागतो. हंगामभराची भाकर त्या एका पिपात. त्यापायी अठरा वर्षं मी कुणाकडे मुक्कामाला गेलो नव्हतो. लग्नात अक्षता टाकल्या की पंगतीला न बसता माघारी. मेव्हणा चेष्टा करायचा, "दाजींचा संसार घरात न्हाई, पिपात हाय."

त्या वर्षी चुन्यानं हात फुटले, खोकला हटेना. हकीमसाहेबांनी नाडी धरली आणि म्हणाले, "आठ रोज आराम. निळीच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही." सांगायला काय जातंय! आराम मी करायचा आणि पीप काय हकीमसाहेब ढवळणार?

पण बायको हटूनच बसली. "अवो, जावा आक्कांकडं कड्याला. पीप मी आन भावजी बघतो. मी काय आज बघतीय का निळीला?" तेही खरंच होतं. लग्न होऊन आली त्या दिवसापासून रंगवलेलं कापड नदीवर तीच खळबळायची. धाकट्या भावानं तर मला गाडीत बसवूनच दिलं.

कडा गावात पहिले दोन दिवस मी बहिणीचं डोकं खाल्लं. आता ढवळलं असेल का, गूळ जास्त तर घातला नसेल? आक्का वैतागली. "आल्यापास्नं पीप, पीप! त्याच्याशीच लगीन लावायचं हुतं तुझं." तिसऱ्या दिवशी मात्र झोप लागली ती दुसऱ्या दिवशी उन्हं अंगावर आली तेव्हाच मोडली. ओट्यावर बसलो, शेंगा फोडत होतो, आणि खरं सांगतो, बरं वाटत होतं. तेवढ्यात आष्टीचा एक ओळखीचा गाडीवान डोक्याचं मुंडासं काढून रडवेल्या तोंडानं दारात आला. आक्काला भेटायला आला होता. मला बघितलं आणि मटकन खालीच बसला.

"आरं देवा! तुमी तर परवाच गेलता म्हनं! गावभर झालंय."

दुसरा कुणी असता तर घाबरला असता. माझ्या तोंडून काय निघावं? "मेलो! नीळ नासली!"

आमच्या धंद्यात रीत आहे. पीप बिघडलं आणि गूळ-चुन्यानं सुधारेना, तर गावात एक भली मोठी थाप सोडायची. लोकांनी ती खरी मानली आणि तोंडोतोंडी फिरली की पीप वर येतं. फेस चढेपर्यंत घरच्यांनी तिला खोटं म्हणायचं नाही. माझ्या बापानं मारुतीच्या देवळामागं दोन तोंडांचं वासरू झालंय म्हणून सोडलं होतं. अर्धी आष्टी बघायला पळाली होती.

आक्का म्हणाली, "आरं, पर घरी तुझ्या बायकूचं काय झालं आसंल?"

"तिला काय हुतंय? तिला रीत ठावं हाय," मी म्हणालो आणि त्याच गाडीवानाला गाडी जुंपायला लावली. चार दिवस! आठ सांगितले होते, मिळाले चार, त्यातले दोन काळजीत गेले. वाटभर मी भावाला शिव्या घातल्या.

घरी पोचलो. ओट्यावर गल्लीतल्या बायका बसल्या होत्या, त्या मला बघून किंचाळत उठल्या. मी कुणाकडे बघितलं नाही. सरळ पिपाकडे गेलो, झाकण काढलं. जांभळा फेस काठोकाठ! चिंधी बुडवली, हिरवी निघाली आणि वाऱ्यावर बघता बघता निळी झाली. जिवात जीव आला.

भाऊ मागं येऊन उभा राहिला. "दादा, काय करू? आदी म्हनलं, लिंबाच्या झाडातनं दूध गळतंय. लोक हासाया लागले, 'नीळ नासली का बे तुजी?' सख्ख्या भावाचं मरान कुनी खोटं सांगत न्हाई, म्हनून तुजं नाव घेतलं. दोन दिसांत पीप उभं ऱ्हायलं!"

त्याच्या मुस्काटात द्यावी की पाठीवर थाप मारावी, ते मला कळेना. तेवढ्यात बायकोनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तिच्या हातात एकही बांगडी नव्हती. कपाळ मोकळं होतं.

मग भावानं सगळं सांगितलं. त्यानं थाप सोडली बाजारात, वहिनीला सांगायला नदीकडे निघाला, पण बातमी त्याच्या आधी पोचली होती. तो पळत गेला तोवर तिनं कापड आपटायच्या दगडावर हात आपटून घेतले होते.

"मग तितंच सांगायचं न्हाई का, खोटं हाय म्हनून!" मी ओरडलो.

"सांगितलं की कानात. वहिनीच म्हनल्या, आता बोललं तर पीप जाईल. कपाळ त्यांनीच पुसलं. दोन दिस बायकांत बसल्या."

मी तिच्यावर भडकलो. दुसऱ्या कुणावर भडकणार? "आगं, कावून असं केलंस? एक माणूस धाडायचा. त्याच दिशी आलो असतो मी!"

"म्हनूनच न्हाई धाडला," ती म्हणाली. "अठरा वर्सांनी निजला हुता तुमी."

तिच्या मनगटांवर काचेचे ओरखडे होते. त्याच हातांनी ती दोन दिवस पीप ढवळत होती, त्यामुळे त्यांत नीळ बसली होती. कासाराला बोलावून कोपरापर्यंत हिरवा चुडा भरला, तरी ते निळे ओरखडे काही गेले नाहीत. पुढं कुणी आराम करा म्हटलं की मी तिच्या हातांकडे बघायचो आणि काठी घेऊन पिपाशी जाऊन बसायचो.