एकेचाळीस काडेपेट्या

टेबलावर एकेचाळीस काडेपेट्या मांडल्या होत्या आणि हेडमास्तर धोतराचा सोगा नाकाला लावून दाराबाहेर उभे होते. वर्गातल्या प्रत्येक मुलाने आपली शी काडेपेटीत आणली होती. मी अमरावतीच्या लॅबमधला टेक्निशियन. शी तपासणं हेच माझं काम, त्यामुळे माझं नाक कधीच निर्ढावलं होतं.

वलगावच्या पुढच्या या खेड्यात मी आलो होतो कमलसाठी. माळ्याची पोर, दहा वर्षांची, ओठ पांढरेफटक. प्रार्थनेला उभी राहिली की तिला चक्कर यायची. चोरून माती खायची आणि त्यापायी घरी मार खायची. मला हुकवर्मचा संशय होता. हा आतड्यात राहणारा बारीक जंत, त्याची अंडी शीमध्ये सापडतात. आमचे डॉक्टरसाहेब म्हणाले होते, "एका पोरीसाठी गाडी निघत नाही. वर्गाचा रिपोर्ट आण. जंत निघाले तर अख्ख्या गावाला औषध देऊ."

संध्याकाळपर्यंत मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलो. एकेचाळीसही निगेटिव्ह. कमलसुद्धा.

हेडमास्तर खूश झाले. "पाहा, आमच्या शाळेत असलं घाणेरडं काई नाई. टाका लिहून."

लिहिणं सोपं होतं. पण वावरात अनवाणी संडासला बसणारी इतकी पोरं आणि एकाच्याही पोटात जंत नाही? मी हट्टाने सगळ्या स्लाइड्स पुन्हा पाहिल्या. प्रत्येकीत भेदराच्या साली. भेदरं म्हणजे आपला टोमॅटो. सगळ्या घरांत एकाच दिवशी एकच भाजी?

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं. माना खाली गेल्या. शेवटी हेडमास्तरांचाच मुलगा मधू उठला.

"माहीच शी हाय सगळी, साहेब. या सगळ्यायले लाज वाटे. मी एका डबीले एक गोटी घेतली."

हेडमास्तरांच्या घरी संडास होता, मधूच्या पायात जोडे होते. वर्गातलं सगळ्यात स्वच्छ पोट मी एकेचाळीस वेळा तपासलं होतं.

राग आला, पण जास्त स्वतःचाच. काडेपेट्या वाटताना कशासाठी ते मी सांगितलंच नव्हतं. पिशवीतून हुकवर्मची तयार स्लाइड काढली.

"हा पायाच्या तळव्यातून आत घुसते. रक्तातून फुप्फुसात जाते. तिथून सरपटत घशात येते आन् तुमी त्याले गिळता."

"आमी गिळतो?" एक मुलगी म्हणाली.

"तुमीच. मग आतड्यात दात रोवून रक्त पेते."

"त्याले दात रायते?"

अख्खा वर्ग बाकांवरून पुढे सरकला.

"काहून सांगून राहिले लेकरायले हे?" हेडमास्तर कुरकुरले. "आज जेवण जाणार नाई यायले."

"एक दिवस नाही गेलं तर चालेल," मी म्हणालो आणि मायक्रोस्कोपपुढे पोरांची रांग लावली. पाहून झालेली पोरं पुन्हा मागे जाऊन उभी राहत होती.

त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने स्वतःची काडेपेटी आणली. कोणाचा जंत मोठा, यावर पैजा चालल्या होत्या. निम्म्याहून जास्त पोरांना हुकवर्म निघाला. कमलच्या स्लाइडमध्ये तर अंडीच अंडी.

गाडी आली, औषध वाटलं गेलं. कमलच्या आईला मी समजावलं, की अंगातलं रक्त कमी झालं की काहींना माती खावीशी वाटते. ही खोड नाही, आजार आहे.

ती औषधाची पुडी मुठीत धरून तशीच बसून राहिली. "दोन वर्सं मारून राहिली मी इले," ती म्हणाली. "मले कोणी सांगतलंच नाई."

मला फार वाईट वाटलं.

काही महिन्यांनी कमलच्या ओठांवर रंग आला. पोरांना घाण सांगितली म्हणून हेडमास्तर तेव्हाही माझ्यावर रागावलेलेच होते. न सांगितल्याचा मार मात्र कमलने खाल्ला होता.