लाल लोकरीची गाठ

बातमी आली तेव्हा मी दवाखान्याच्या सर्व्हरच्या खोलीत होते. काकूंचा फोन. "काका गेले गं... झोपेतच." पहिलं मनात आलं ते हे, की तीन दिवस आमचं बोलणं बंद होतं, आणि तेही माझ्यामुळे.

काका माझे वरिष्ठ आणि बाबांचे मित्र. कोठी भागातल्या आमच्या दवाखान्यातली मशिनं वायरींनी गोलाकार जोडायची कल्पना त्यांचीच. एकीकडे वायर तुटली तर तपासणीचे रिपोर्ट उलट्या बाजूने फिरून पोचायला हवेत. त्यासाठी नुसती जोडणी पुरत नाही, प्रत्येक मशिनच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ती सोय चालू करावी लागते. पण चालू झालीय हे काका स्क्रीनवर वाचून कधी मानत नसत. दुपारी काम थांबवायचं, आपल्या हाताने वायर ओढून काढायची, आणि तरीही सगळं चालू राहिलं तरच ती परत लावून तिला काकूंच्या विणकामातली लाल लोकर बांधायची.

मी अतिशहाणी! सगळं हिरवं दिसतंय म्हणून न ओढताच लोकर बांधून मोकळी झाले. काकांनी विचारलं, "ओढून बघितलीस?" मी म्हटलं, "हौ." त्यांनी ओढली... आणि लॅबच्या सगळ्या स्क्रीन जागच्या जागी थिजल्या. एका मशिनमध्ये सोय चालू करायचीच राहिली होती. काका रागावले नाहीत. लोकर सोडून खिशात घातली, बस्स. चारचौघांत फजिती झाली म्हणून फुगून बसले ती मी. सेटिंग गुपचूप दुरुस्त केलं, पण त्यांना सांगितलं नाही, आणि वायरीला हात लावायचं धाडसही झालं नाही.

काकांचे दिवस झाल्यावर नल्लकुंट्याला त्यांच्या घरी गेले. काकूंपुढे सगळं ओकून टाकलं, खोटं बोलल्याचंसुद्धा. त्या उठल्या आणि खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून तीच लोकर काढून माझ्या हातावर ठेवली. माझी फजिती झाली त्या संध्याकाळी काका हसतच घरी आले होते म्हणे.

"म्हणाले, पोरगी चिडलीय, म्हणजे आता नीट करूनच सोडेल. ही तिची आहे, सोमवारी देतो."

इतके दिवस छातीवर बसलेलं ओझं उतरलं. रडता रडताच मला हसू फुटलं, आणि काकूंनाही.

काल दुपारी काम थांबवलं आणि ती वायर ओढली. एकही स्क्रीन अडखळली नाही. हुश्श... त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हटलं, "काका, ओढून बघितली." वायर परत लावली आणि मग लोकरीची गाठ मारली.