पेनं खाली, कान इकडं

हबीब अत्तार सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते भोकरच्या आमच्या शाळेत, आठवी 'ब'च्या शेवटच्या बाकावरून. शिक्षणसेवक म्हणून माझा तो पहिला दिवस होता. मुख्याध्यापक म्हणाले, "बिरादार मॅडम, आज काही शिकवू नका. अत्तार सरांचा तास बघा." देवणीहून ट्रंक घेऊन आलेली मी, इंग्रजीची एम. ए., आणि मला आठवीच्या पोरांत बसवतात! राग गिळून बसले.

सर आत आले. हजेरी झाली. मग म्हणाले, "पेनं खाली, कान इकडं." साऱ्या वर्गानं पेनं बाकावर आडवी ठेवली. सरांनी खिशातून जुन्या कॅलेंडरचं पान काढलं आणि त्याच्या पाठकोऱ्या बाजूला लिहिलेला इंग्रजी उतारा वाचला. उतारा भोकरच्या बसस्टँडचा होता. हदगावला निघालेली एक म्हातारी चुकून दुसऱ्याच गाडीत बसते, असं काहीसं. सरांनी एकदा वाचला, मिनिटभर थांबले, पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा नाही. मग पाच प्रश्न घातले.

रुक्मिणी नावाच्या मुलीनं एका प्रश्नापुढं मराठीत लिहिलं होतं, "म्हातारी गाडीत बसली इथपर्यंत कळलं. पुढचं कळलं नाही." सरांनी तिला अर्धा मार्क दिला. शेजारच्या मुलानं त्याच प्रश्नाला तीन ओळी इंग्रजी ठोकून दिलं होतं, त्याला भोपळा. मला वाटलं, हा माणूस वेडा तरी आहे किंवा चक्रम तरी. सरांनी एक कागद माझ्याही पुढं ठेवला होता. "मी फक्त बघायला आलेय, सर," असं हसून म्हणत मी तो कोराच परत केला. सरांनी तो घडी करून खिशात ठेवला.

सरांचं घराणं नांदेडचं, पिढ्यान्‌पिढ्या अत्तर आणि सुरमा विकणारं. "आमच्या खानदानात इंग्रजी विकणारा मी एकटाच," असं ते म्हणायचे. नांदेडहून रोज एसटीनं भोकरला यायचे आणि त्या प्रवासातच उतारे लिहायचे. त्यामुळं अक्षर असं, की त्यांचं त्यांनाच वाचता यावं. उताऱ्यात कधी बाजारातली दवंडी, कधी बँकेतली रांग, कधी माझ्या गावाला खूश करायला देवणी जातीचा वळू. लंडनचं स्टेशन पोरांनी पाहिलेलं नाही, बसस्टँड पाहिलाय, एवढंच त्यांचं म्हणणं. पाच प्रश्नांतला एक प्रश्न नेहमी असा, की ज्याचं उत्तर उताऱ्यात नाहीच. तिथं "सांगितलेलं नाही" असं लिहिणाऱ्याला पूर्ण मार्क, कुठपर्यंत कळलं आणि कुठं गाडी अडली हे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याला अर्धा, आणि मनानं बनवणाऱ्याला शून्य. स्टाफरूममध्ये त्यांचं नाव 'अर्ध्या मार्काचे सर' पडलं होतं. ते त्यांना माहीत होतं आणि आवडतही असावं.

माझी रीत निराळी होती. न पाहिलेला उतारा आला की प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ती ओळ जशीच्या तशी उतरवायची, ही युक्ती मी मुलांना घोटून शिकवली. निकाल चांगला लागला आणि माझी मान ताठ झाली. एके दिवशी सरांनी माझ्या वर्गाला एक उतारा दिला. त्यात मधलेअधले छोटे शब्द तेवढे इंग्रजी. माणसं, वस्तू, कामं, सगळे शब्द सरांनी मनानं बनवलेले. मुलांनी युक्ती लावली आणि पटापट उत्तरं लिहिली. सरांनी सगळ्यांना पैकीच्या पैकी दिले आणि विचारलं, "आता सांगा पोरांनो, उतारा कशाबद्दल हाय?" पोरं एकमेकांची तोंडं बघायला लागली. सर मला एका शब्दानं बोलले नाहीत. वर्गासमोर कुणाचा पाणउतारा करणं त्यांच्या स्वभावातच नाही. पण मला जे लागायचं ते लागलं.

वाचनाच्या तासाला सर पुस्तक क्वचितच उघडायचे. औषधाच्या पट्ट्या, खताच्या पोत्यावरच्या सूचना, रेल्वेचे फॉर्म असला पसारा पिशवीतून काढायचे. याचा उपयोग काय, असं मी एकदा विचारलं होतं. उत्तर सरांनी दिलं नाही, रुक्मिणीच्या वडिलांनी दिलं. ती नववीत असताना ते फवारणीच्या औषधाची बाटली घेऊन थेट शाळेत आले.

"सर, पोरगी म्हणून राहिली की हे कापसाचं हाय, सोयाबीनवर मारू नका. दुकानवाला म्हणतो चालतंय. कुणाचं ऐकू?"

सरांनी बाटली रुक्मिणीच्या हातात दिली. तिनं वरचं सगळं वाचलं. "कापूस लिहिलाय, सर. सोयाबीन लिहिलं न्हाई."

"चालत नाही, असं लिहिलंय का?"

"ते बी न्हाई लिहिलं."

"मग?"

"मग इच्यारायला पायजे."

सर तिच्या वडिलांकडं वळून म्हणाले, "दादा, पोरगी पास हाय. आता कृषी सहायकाला विचारा, मग फवारा." त्यांनी विचारलं, आणि बाटली बदलून घेतली.

आता जे लिहायचं आहे ते वीस वर्षांत मी फार थोड्यांना सांगितलं. शिक्षणसेवकाची तीन वर्षं संपत आली होती. मला कायम करायचं की नाही, हे मुख्याध्यापकांच्या अहवालावर ठरणार होतं. त्या वर्षी सहामाहीला दहावीची ऐकण्याची चाचणी कॅसेटवर घ्यायची असं ठरलं. कॅसेट कुठल्याशा प्रशिक्षणातून आलेली, बोलणारी बाई परदेशी, सोबत छापील मजकूर नाही. आदल्या दिवशी दुपारी मी ती चार वेळा लावली. मला वाचनालय, पाऊस, छत्री आणि रविवार एवढे चार शब्द कळले. बाकी सगळा वारा.

खरी गोष्ट अशी होती, की मी इंग्रजी डोळ्यांनी शिकले होते, कानांनी कधीच नाही. गाइडं वाचून बी. ए. झाले, गाइडं वाचून एम. ए. झाले. कुणी इंग्रजीत बोलायला लागलं की मी मान डोलवायचे. त्या डोलवण्यावर माझी नोकरी उभी होती. त्या चार शब्दांवरून मी एक गोष्ट रचली आणि प्रश्न काढला: मुलगी वाचनालयातून लवकर का परतली? माझं उत्तर: पाऊस आला म्हणून. वर्गातल्या बहुतेकांनी तेच लिहिलं. पावसाचा आधार त्यांनाही पुरला. रुक्मिणीनं लिहिलं, "सांगितलेलं नाही." मी शून्य दिलं.

ती कागद घेऊन स्टाफरूममध्ये आली. "मॅडम, कारण सांगितलंच न्हाई. एकदा परत लावा ना कॅसेट."

"टेप बिघडलाय," मी म्हणाले. तो टेबलावर चांगला धडधाकट होता. वर आणखी म्हणाले, "फार शहाणी झालीस का?" ती निघून गेली. समोर अत्तार सर पेपर तपासत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सरांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. टेप त्यांनी तिथं आणून ठेवला होता. त्यांनी कॅसेट लावली, संपल्यावर बंद केली.

"काय ऐकलं, मॅडम?"

"समजलं, सर."

"समजलं का, ते विचारलं नाही. ऐकलं काय?"

तिथं माझा बांध फुटला. "सर, मला कळत न्हाई. कायबी कळत न्हाई." देवणी सोडल्यापासून शाळेत मी अशी बोलले नव्हते.

सरांनी शांतपणे कॅसेट मागं फिरवली. "हां. आता सुरुवात झाली. पहिल्या दिवशी तुमचा कागद कोरा आला, तेव्हापासून वाट बघून राहिलो मी."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुम्ही कळलं म्हणत होत्या. कळलं म्हणणाऱ्याला मी काय शिकवणार?"

मग त्यांनी अट घातली. रुक्मिणीचा मार्क मी द्यायचा, आणि स्टाफरूममध्ये गुपचूप नाही, वर्गात. मी म्हणाले, "सर, माझा अहवाल जायचाय." ते म्हणाले, "माहीत हाय," आणि टेप उचलून निघून गेले. त्या दिवशी मला सरांचा इतका संताप आला होता, की काय सांगू! ज्याची नोकरी पक्की त्याला दुसऱ्याला धीर शिकवायला काय जातं? दोन दिवस मी वर्गात गेले, शिकवलं आणि मुकाट परत आले. रुक्मिणी पहिल्या बाकावर बसायची. ती माझ्याकडं बघायची नाही, वहीकडं बघायची. तिसऱ्या दिवशी मला ते सहन झालं नाही.

मी वर्गाला म्हणाले, "कॅसेट मला कळली नव्हती. उत्तर मी मनानं बनवलं होतं. रुक्मिणीचं बरोबर आहे." मग रुक्मिणी उभी राहिली.

"मॅडम, कुठपर्यंत कळलं तेवढं सांगा."

"वाचनालय, पाऊस, छत्री, रविवार. पुढचं नाही."

तिनं सगळ्या वर्गाकडं पाहिलं आणि निकाल दिला, "बसतोय अर्धा मार्क. द्या मॅडमला." वर्ग खो खो हसला, मीही हसले, आणि हसता हसता रडले.

गोष्ट संध्याकाळपर्यंत मुख्याध्यापकांच्या कानावर गेली. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. "इंग्रजीच्या बाईंना इंग्रजी ऐकून कळत नाही. हे मी अहवालात कसं लिहू?" सर म्हणाले, "बाईंनी आपली चूक पोरांसमोर दुरुस्त केली, तेही लिहा. आणि उद्यापासून त्या रोज पावणेदहाला माझ्याकडं शिकणार हायत. त्यात खाडा झाला, तर मी स्वतः येऊन सांगतो." मुख्याध्यापकांनी अहवालाची फाइल पुढं ओढली आणि आम्हाला जायला सांगितलं. मी कायम झाले. अहवालात त्यांनी काय लिहिलं, ते मला आजही माहीत नाही.

पुढचं दीड वर्ष रोज प्रार्थनेआधी प्रयोगशाळेत मी पेन खाली ठेवून बसले. पहिले काही आठवडे माझी सगळी कमाई अर्ध्या मार्कांची. सरांनी कधी शाबासकी दिली नाही; त्या बाबतीत ते भारी चिक्कू आहेत. रमजानमध्येही त्यांचा एक दिवस चुकला नाही. तोंडाला कोरड पडलेली असायची, तरी दोनदा वाचायचे. मग एका सकाळी त्यांनी तीच जुनी कॅसेट लावली. मला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं कळलं. मुलगी लवकर का परतली, हे खरंच सांगितलेलं नव्हतं.

मी बाळंतपणाच्या रजेवर गेले तेव्हा माझे दोन्ही वर्ग सरांनी सांभाळले. परत आले तर टेबलावर एक वही होती. कुठल्या मुलाचं कुठं अडतं, हे त्यांनी प्रत्येकाच्या नावापुढं लिहून ठेवलं होतं. शेवटच्या पानावर माझ्या लेकीचं नाव, आणि पुढं लिहिलं होतं, "अजून काही सांगितलेलं नाही."

आज मी उदगीरकडच्या एका शाळेत मुख्याध्यापिका आहे. आमच्याकडं अर्धा मार्क चालतो आणि त्यावर पालकांची भांडणंही होतात. रुक्मिणी लातूरला शिक्षिका आहे आणि सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाचं संपादन तिच्याकडं आहे. लेख मागताना तिनं बजावलं, "मॅडम, बनवून काही लिहू नका." मी तिला म्हणाले, कॅसेटची गोष्ट लिहू का? ती म्हणाली, त्याशिवाय लेख घेणारच नाही.

लेखासाठी मागच्या महिन्यात नांदेडला सरांकडं जाऊन आले. पंचाहत्तरीत त्यांची चाल ताठ आहे, कान मात्र मंदावलेत. कानात यंत्र आहे, तरी पुष्कळदा अडतं. त्या वयाची माणसं ऐकू न येता मान डोलवतात. सर तसं करत नाहीत. "मॅडम, कळलं नाही. परत सांगा," असं चारचौघांत मोठ्यानं म्हणतात. मी चिडवलं, "सर, नियम दोनदाचा ना?" तर म्हणाले, "तो कायदा पोरांसाठी. बुढ्याला तीनदा."

अशा लेखाच्या शेवटी शंभर वर्षं मागायची रीत आहे. सरांपाशी अजून किती वर्षं आहेत, हे कुठल्याच उताऱ्यात सांगितलेलं नाही, आणि मनानं आकडा लिहिला तर रुक्मिणी भोपळा देईल. म्हणून मला कळलंय तेवढंच मागते. सरांची तब्येत अशीच खणखणीत राहावी, यंत्राचा सेल संपू नये, आणि मी नांदेडला गेले की त्यांनी "परत सांगा" म्हणावं. मी परत सांगेन, सर. तिसऱ्यांदा सांगेन, चौथ्यांदाही सांगेन. तुम्ही फक्त विचारत राहा.